मालक कुठायत?

«बाई, स. न. वि. वि. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मोंढ्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बावीस वर्षं झाली. मी स्वतःला जुन्या वळणाचा समजत नाही. मुलीला परभणीला बी.एस्सी. ॲग्रीला घातलं. लग्नात हुंडा घेतला नाही. दुकानाची नोंदणी बायकोच्या नावावर आहे. बहिणींनी आनंदानं हक्कसोड करून दिली आणि मीही त्यांचं माहेरपण कधी चुकवलं नाही. दुकानात बाईमाणूस आलं की आधी खुर्ची, मग पाणी.

मुलगी शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलीय, दुकानावर बसते. तिनं बिल बुकाच्या मागच्या पानावर आठ दिवस रेघा मारल्या आणि काल माझ्यापुढं ठेवल्या. बायका आल्या ३१. त्यातल्या २२ जणींशी माझं पहिलं वाक्य, ‘मालक कुठायत?’ एका पुरुषालाही मी ‘मालकीण कुठाय’ विचारलं नाही. एका बाईंनी घरचं सोयाबीन ओल्या गोणपाटात घालून उगवण तपासली होती. शंभरातले ६८ उगवले, तर बियाणं किती वाढवू, असं विचारत होत्या. मी म्हणालो, ‘मालकाला पाठवा, त्यांना नीट सांगतो.’ मुलगी म्हणाली, ‘पप्पा, त्यांचे मालक वारून चार वर्षं झाली. तुम्ही बसायला गेला होता.’

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्यात दुकान पुढं कुणी बघायचं, हा विषय घरात निघालाय. मुलगी हुशार आहे, पण मोंढा म्हणजे हमाल, गाडीवाले, शिवीगाळ. शिवाय उद्या ती लग्न होऊन जाणार. मुलगा बी.ए. झालाय, त्याला बसवावं असं माझ्या मनात आहे. ती म्हणते, हाही भेदभावच. मी खरंच तसला माणूस आहे का? आणि असेन, तर या वयात सवय मोडते का? वय ५४.»

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. जन्मभर वह्या तपासल्याची खोड, जात नाही. मुलाचं नाव तुम्ही तीन वेळा लिहिलंय (छापताना ते गाळलं). मुलीचं एकदाही नाही. बायकोचंही नाही. रागावून सांगत नाही, तुमच्या मुलीच्या रेघांमध्ये माझी एक रेघ घालते, एवढंच.

आता तुमचा पहिला प्रश्न, मी तसला माणूस आहे का. याचं उत्तर मी देणार नाही, कारण त्याचा उपयोग नाही. ‘नाही’ म्हटलं तर तुम्ही निवांत झोपाल. ‘हो’ म्हटलं तर चार दिवस तोंड पाडून बसाल आणि घरातल्या बायकांना तुमची समजूत काढत बसावं लागेल. तुम्ही दुकानदार आहात, दुकानदारासारखा विचार करा. गोदामात डीएपीच्या किती गोण्या आहेत हे तुम्ही मनाला विचारता का? मन सांगतं, ‘असतील की चाळीसेक.’ मोजल्या की अठ्ठावीस भरतात. म्हणून खोटं बोललं असं नाही, मनाला मोजता येत नाही. बाईमाणसाशी आपण कसे वागतो, याबाबतही मनाचा असाच अंदाज असतो, आणि तो नेहमी आपल्या बाजूनं असतो. तुमच्या मुलीनं स्टॉक मोजला. आकडा जुळला नाही. एवढंच झालंय.

हे मी कोरडेपणानं लिहितेय, कारण माझाही आकडा एकदा असाच चुकलेला सापडलाय.

मी मुख्याध्यापिका होते तेव्हाची गोष्ट. गणिताच्या शिक्षकाची एक जागा भरायची होती. मुलाखतीला पाच जण, त्यात एक मुलगी. गणित तिचं चोख होतं. मी तिला काय विचारलं? ‘लग्न झालंय का? मिस्टर कुठं असतात?’ पुरुष उमेदवारांपैकी एकालाही मिसेस कुठं असतात हे विचारलं नाही. जागा मुलाला मिळाली. निवृत्त होताना कपाट रिकामं केलं तेव्हा त्या मुलाखतीचे कागद निघाले. तिच्या नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘मिस्टर औरंगाबादला. टिकणार नाही.’ त्याच्या नावापुढं: ‘होतकरू.’ आणि तो होतकरू दोन वर्षांतच पुण्याला निघून गेला होता, ऐन दहावीच्या वर्गाला अर्ध्यात सोडून. तो गेला तेव्हा मला त्या मुलीची आठवणसुद्धा झाली नव्हती. मी बाई. सावित्रीबाईंच्या जयंतीला दरवर्षी भाषण करणारी बाई. तो कागद हातात घेऊन स्टोअररूममध्ये किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. तेव्हा तुमची ती रात्र मला माहीत आहे.

आता त्या वाक्याकडं येऊ. ‘मालक कुठायत?’ आपल्या मराठवाड्यात नवऱ्याला मालक म्हणतात, त्यामुळं या दोन शब्दांत दोन प्रश्न एकदम विचारले जातात: तुझा नवरा कुठंय, आणि या जमिनीचा धनी कुठंय. दोन्हीचं उत्तर एकच माणूस, असं भाषेनंच ठरवून ठेवलेलं. समोर उभी आहे ती कोण मग? निरोप घेऊन आलेली. तुमच्या तोंडून हे वाक्य निघतं तेव्हा तुमच्या मनात वाईट काही नसतं, हे मी धरून चालते. तुम्ही ते बोलत नाही, ते तुमच्याकडून बोललं जातं. आपण ‘दोन गडी आणि चार बाया लावल्या’ म्हणतो, फवारणीला गडी, खुरपणाला बाया, आणि मजुरी वेगळी. हे का, असं कुणी विचारत नाही, तसंच ते.

पण मला जास्त टोचलं ते तुमचं ‘आधी खुर्ची, मग पाणी’. ते तुम्ही तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिलंय. त्या अडुसष्टवाल्या बाईंनाही तुम्ही खुर्ची दिलीच असणार. उन्हातून आल्यात, माठातलं पाणीही दिलं असेल. त्यांना खुर्ची नको होती. त्यांना एक आकडा हवा होता. घरचं बियाणं राखून ठेवलं, शंभर दाणे मोजून गोणपाटात गुंडाळले, रोज पाणी शिंपडलं, कोंब मोजले, हिशेब घेऊन तुमच्याकडं आल्या. असं करून येणारे पुरुष गिऱ्हाईक तुमच्याकडं किती? बहुतेक जण ‘ती पिवळी बॅग द्या’ म्हणणारे. आणि त्या बाईंना तुम्ही मान देऊन परत पाठवलंत, उत्तर न देता. पुष्कळ भल्या माणसांचं गाडं इथंच अडतं. मान देण्यात आपण इतके चोख असतो की आपण समोरच्या बाईचं ऐकलंच नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. उलट, पाणी दिल्याचं समाधान मिळतं.

दुसरा प्रश्न, सवय मोडते का. यावर एक अभ्यास मला फार आवडतो, तो आपल्याच देशातला आहे. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात, पुढं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एक भाषण ऐकवलं. गावच्या प्रधानाचं, म्हणजे आपल्याकडच्या सरपंचाचं. शब्द तेच, मजकूर तोच. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. मग विचारलं, हा प्रधान कामाचा वाटतो का? जिथं बाई कधीच प्रधान झाली नव्हती, तिथं पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथं आरक्षणामुळं बाई प्रधान होऊन गेली होती, तिथं हा फरक उरला नाही. हे २००९ साली छापून आलं. पण त्यातली खरी गंमत पुढं आहे. ‘तुम्हाला प्रधान म्हणून कोण आवडेल?’ या प्रश्नाला त्या गावांतल्या पुरुषांचं उत्तर बदललेलं नव्हतं. आवड पुरुषाचीच. गुण मात्र बरोबर द्यायला लागले.

म्हणजे मन पालटायची वाट बघत बसू नका. ते पालटेल तेव्हा पालटेल. आधी हात आणि तोंड बदलतं.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या २०११ साली. सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून बसणारे त्यांचे यजमान आपण सगळ्यांनी बघितलेत, तुम्हीही हसला असाल. म्हणून जाता जाता विचारते: दुकानाची नोंदणी बायकोच्या नावावर आहे, पण गेल्या वर्षीची उलाढाल किती, हे त्यांना माहीत आहे का? की सही कुठं करायची तिथं तुम्ही पेन्सिलीनं फुली मारून देता?

बहिणींच्या हक्कसोडीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, त्यामुळं लांबण लावत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली, आणि तो हक्क जन्मानं मिळतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. ‘आनंदानं’ हा शब्द मात्र तुमचा आहे. सही करताना त्यांच्यापुढं दुसरा कुठला कागद ठेवला होता का, ते आठवून बघा. माहेर तुटू नये म्हणून केलेल्या सहीला आपल्याकडं आनंद म्हणायची पद्धत आहे.

आता दुकान.

तुमची कारणं मी ओळीनं वाचली. हमाल, शिवीगाळ, लग्न. पण बी.ए. झालेला मुलगा खत-औषधाच्या दुकानाला कसा चालेल, याचा पत्रात एक शब्द नाही. त्याला परीक्षाच नाही. कीटकनाशकांच्या विक्रीला कृषी किंवा तत्सम पदवी, नाहीतर पदविका लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पदवी नव्हती म्हणून तर तुम्ही वर्षभर, आठवड्यातून एक दिवस, खत-औषध विक्रेत्यांसाठीच्या ‘देसी’ पदविकेच्या वर्गाला बसला असाल. तुमच्या पिढीतल्या बहुतेक दुकानदारांनी तेच केलं. तेव्हा सगळ्या मोंढ्यात एकच बोलणं होतं, ‘शिक्षणाशिवाय धंदा राहिला नाही.’ आता शिक्षण मुलीकडं आहे, तर धंद्याला लागतं काय? हमालांशी बोलता येणं. उद्या ती हमालांशी बोलली, तर रात्री-अपरात्री गाडी उतरवून घेणं लागेल. ते जमलं, तर उधारी वसूल करायला गावोगाव फिरणं.

यात तुमचा खोटेपणा नाही. अमेरिकेत २००५ साली याच विषयावर एक अभ्यास झाला. पोलीस प्रमुखाच्या जागेसाठी एक पुरुष आणि एक बाई. एकाकडं रस्त्यावरच्या कामाचा अनुभव, एकाकडं शिक्षण. पुरुषाकडं जे असेल, तेच त्या जागेला महत्त्वाचं असं निवडणारे म्हणू लागले, आणि आपण अगदी निःपक्षपाती आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं. उमेदवार कळायच्या आधीच त्यांच्याकडून निकष ठरवून घेतले, तेव्हा तो कल गेला. आमच्या मास्तरकीत आम्ही हे रोज करायचो: आदर्श उत्तरपत्रिका आधी, पेपर तपासणं मागून. मुलाखतीच्या दिवशी मात्र मी ते विसरले.

तेव्हा तुम्ही आणि तुमच्या मंडळी, दोघं बसा आणि एका कागदावर लिहून काढा की हे दुकान चालवायला नेमकं काय लागतं. औषधाची माहिती, स्टॉकचं रजिस्टर, उधारी, कंपनीच्या माणसाशी घासाघीस, हमालांशी वागणं, जे असेल ते. त्याखाली सह्या करा. मग दोघा लेकरांना पंधरा-पंधरा दिवस गल्ल्यावर बसवा. आता पेरणीचाच हंगाम आहे, याहून मोठी परीक्षा दुसरी नाही. पंधरा दिवस तुम्ही मध्ये बोलायचं नाही. हे तुम्हाला जड जाईल. जाऊ द्या.

यात एक खाचखळगा आहे, तो आधीच सांगते. मुलीचे पंधरा दिवस आणि मुलाचे पंधरा दिवस सारखे नसतात. ती दुकानातून येऊन भाकरी थापते की नाही? तो येऊन मोबाईल घेऊन बाजेवर पडतो की नाही? केंद्र सरकारनं २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो ते मोजलं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. पुरुषांपैकी जे करतात, त्यांची ९७. करतच नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. दोनशे मिनिटांचं ओझं डोक्यावर घेऊन एक जण पळणार आणि दुसरा मोकळा, अशी शर्यत आपण शाळेच्या मैदानावरसुद्धा लावत नाही. त्या महिन्यात घरकामाच्या पाळ्या लावा. तुमचीही एक.

‘लग्न होऊन जाईल’ यावर मी काय बोलू? माझा होतकरू पुण्याला गेला. तुमचा मुलगा जाणार नाही याची हमी तुम्ही मोंढ्यातल्या निम्म्या घरांकडं बघून द्या. ज्या घरांत आता दोघं म्हातारी आणि व्हिडिओ कॉल उरलाय.

आणि मोंढ्यातलं वातावरण, हमाल वगैरे. ही काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण एक साधा प्रश्न. तुमच्या दुकानात बाईमाणसाला संडासाची सोय आहे का? आजूबाजूला आहे का? बावीस वर्षांत तुमच्या मंडळी गल्ल्यावर बसल्या नाहीत, याचं कारण तुम्ही ‘तिला आवड नाही’ असं सांगत आला असाल. त्यांना एकदा विचारा, सकाळी नऊ ते रात्री आठ बसायचं तर त्या जाणार कुठं? आम्ही शाळेत पाणी कमी पिऊन दिवस काढले. ती सवय अजून सुटलेली नाही, डॉक्टर ओरडतात. सगळाच दोष मनात नसतो. थोडा बांधकामात असतो, आणि तो गवंडी लावून आठ दिवसांत निघतो.

रोजच्या वागण्याचं म्हणाल तर मोठा संकल्प सोडू नका. एक वाक्य बदला. गल्ल्यासमोर जो येईल, बाई असो की बुवा, पहिला प्रश्न हा: ‘किती एकर, काय पेरायचंय?’ शेती न बघणारी बाई असेल तर ती स्वतःच सांगेल, ‘मला नाही माहीत, मालक सांगतील.’ ते तिला सांगू द्या. रेघा मारणं चालू ठेवा, पण वही तुमच्याकडं नको, मुलीकडं किंवा दुकानातल्या पोऱ्याकडं द्या. आपली वही आपण लिहिली की काय होतं, हे तुम्हाला उधारीवरून ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात कुणी बघतंय म्हणून आकडा झकास येईल, त्यावर जाऊ नका. पेरणीच्या गर्दीत, चार जण एकदम ओरडत असताना, डोकं फिरलेलं असताना काय तोंडून निघतं, तो खरा आकडा. ‘मालक’ निघेलच. निघाला की तिथंच ‘चुकलं, तुम्हीच सांगा’ म्हणायचं आणि पुढं जायचं. त्यावर भाषण नको. आणि मेहेरबानी करून दुकानात ‘महिला शेतकऱ्यांसाठी खास’ असा गुलाबी फलक लावू नका. एका कृषी प्रदर्शनात मी तसा बघितला, त्याखाली कुकर ठेवले होते.

वय ५४. ‘देसी’च्या बाकावर बसायला जे वय आड आलं नाही, ते इथं कसं येईल?

राहिल्या त्या अडुसष्टवाल्या बाई. त्यांचा नंबर तुमच्या उधारीच्या वहीत असेल. खातं अजून त्यांच्या नवऱ्याच्या नावानं असणार, तेही बघा. सोयाबीनची उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी तीस किलो बियाणं लागतं, असं तुमच्याच बॅगांवर आणि पत्रकांवर वाचलंय. अडुसष्टला मी त्रैराशिक मांडलं, साधारण एकतीस किलो येतं. म्हणजे त्यांना हवं असलेलं उत्तर ‘एकरी किलोभर जास्त धरा, बीजप्रक्रिया करा, आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका’ एवढंच होतं. माझं गणित तुम्ही एकदा तपासा, शेतीतलं मला कळत नाही. आणि फोन करा. मिरग तोंडावर आलाय, त्या वाट बघत थांबल्या नसतील.

तुमची,
बाई